सगळ्यांना एकदम सोडणारा

आमच्या ताईंना जुळं झालं, त्याच वर्षी माझाही जन्म झाला. तिघांत सगळ्यात शांत मीच होतो, असं ताई अजून सांगतात.

मित्रांनो, मी एक जुना, लहानसा प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. एका टेबलाखालच्या संगणकात मी राहतो. माझं काम एवढंच, की संगणकाला लिहून दिलेल्या कामांना, म्हणजे स्क्रिप्टांना, एकदम सुरू करायचं आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. लोकांचं बोलणं मला कसं कळलं म्हणाल, तर आमच्या खोलीत माईक नेहमी चालूच राहायचा.

ताईंची ती खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जाड घोंगड्या ठोकल्या होत्या. तिथे माणसं येऊन पुस्तकं मोठ्याने वाचत. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ती बोलकी पुस्तकं तयार होत. वाचन झालं की कामं सुरू. एक स्क्रिप्ट खालची ठोकाठोक पुसायची, एक प्रकरणं वेगळी करायची, एक सूची लावायची, एक लहानमोठा आवाज सारखा करायची. पण सगळ्या रांगेत. एकीचं संपेपर्यंत दुसरी आपली बसून. आज वाचलेलं ऐकायला मिळायचं ते परवा.

ताई सांगतात, एकदा घरी दोन्ही बाळांनी रडून घर डोक्यावर घेतलं. ताई एकाला शांत करत होत्या, दुसरं काळंनिळं होईपर्यंत ओरडत होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रेशनच्या दुकानासारखं रांगेत काय उभं करतेस लेकरांना? एक मांडीवर घे, एक माझ्याकडे दे. रडतात एकदम, तर गप्पही एकदमच होतील."

ताईंच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी चमकलं. बाळं झोपली आणि त्यांनी मला लिहायला घेतलं.

पहिल्या दिवशी फार फजिती झाली. मी सगळ्यांना एकदम कामाला सोडलं खरं, पण पडद्यावर सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. लग्नघरात कोण कुणाला हाका मारतंय ते कळू नये, तसं झालं. मग ताईंनी प्रत्येकीला नाव दिलं आणि रंग दिला. साफसफाई करणारी मावशी, हिरवी. प्रकरणं कापणारे काका, निळे. सूची लावणारी आत्या, पिवळी. आवाज सारखा करणारी मामी, जांभळी. मग कुणाची ओळ कुठली हे लांबूनही दिसू लागलं.

एका सकाळी ताई पडद्याकडे बघून ओरडल्या, "मावशी चाललीय, काका बसलेत, आत्या मेली वाटतं!"

नेमक्या त्यांच्या खऱ्या आत्या दारात उभ्या.

"मेले असते तर तुझा हा मेला जिना चढून आले असते का गं?" त्या धापा टाकत म्हणाल्या.

ताईंना हसू आवरेना. सगळं समजावून सांगितलं तेव्हा आत्यांनी विचारलं, "काम काय करते ती?"

"कोण कुठे आहे त्याची यादी ठेवते."

"मग नाव बरोबर आहे. चालू कर तिला, माझी बदनामी नको."

माझं तेव्हा फार कौतुक झालं. सकाळी वाचलेलं संध्याकाळच्या चहाला ऐकायला मिळू लागलं. ताईंनी मला एक नियमही शिकवला होता. एक पडली, म्हणजे मधेच बंद पडली, की सगळ्यांना थांबवायचं. "घरात एकाला बरं नसेल तर बाकीच्यांनी हुंदडायचं नाही," त्या म्हणायच्या. मी तो नियम इमानाने पाळत होतो.

आमच्याकडे एक मास्तर वाचायला यायचे. शाळेतून निवृत्त झालेले, फार काटेकोर. त्यांची थोरली बहीण, अक्का, लहानपणापासून आंधळी. मास्तरांनी जन्मभर तिला वाचून दाखवलं. आता मास्तरांच्या गळ्यात दुखणं निघालं होतं. डॉक्टर शस्त्रक्रिया करणार होते, आणि तिच्यात आवाज कायमचा जाणार होता. त्याआधी एक मोठं पुस्तक, एका समुद्रप्रवासाचं, अक्कासाठी वाचून पुरं करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. वाचलेलं स्वतः ऐकून, चुकलेला शब्द पुन्हा वाचल्याशिवाय ते पुस्तक हातावेगळं करत नसत.

दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी सकाळी ते शेवटचं प्रकरण वाचायला आले. सोबत अक्का. आवाज अगदी बसला होता. मधे मधे पाणी पीत, थांबत, त्यांनी प्रकरण संपवलं. आधीची काही प्रकरणंही त्यांना अजून ऐकून तपासायची होती.

ताईंनी मला हाक दिली. मी चौघांना सोडलं. थोड्याच वेळात मावशी पडली, म्हणून मी सगळ्यांना थांबवलं. ताईंनी पुन्हा सुरू केलं. मावशी पुन्हा पडली, मी पुन्हा सगळ्यांना थांबवलं. मास्तर घड्याळाकडे बघत होते. संध्याकाळी दवाखान्याची गाडी यायची होती.

"काय म्हणते ती?" मास्तरांनी विचारलं.

ताई पडद्याकडे वाकल्या. पडद्यावर हिरवी ओळ होती: ध्वनीत माणसाचा आवाज सापडला नाही. मास्तरांच्या घशातली खरखर मावशीला गोंगाट वाटली होती. तिने सगळंच पुसलं होतं आणि हाती काही उरलं नाही म्हणून ती पडली होती.

"ताई, वाचा की," अक्का म्हणाल्या. "मला दिसत नाही, ऐकू येतं."

ताईंनी वाचलं. मास्तरांनी मान खाली घातली.

"सापडला नाही?" अक्का म्हणाल्या. "मी इथे कोपऱ्यात बसून शब्द न् शब्द ऐकला. सांगा त्या तुमच्या मावशीला, हात आवर म्हणावं."

"अक्का, खरखर फार आहे गं," मास्तर पुटपुटले. "ऐकवणार नाही तुला."

"बाळ्या, तू लहानपणी तरी कुठे कोकीळ होतास? राहू दे ते तसंच. मला तूच हवा आहेस, धुऊन काढलेला नको."

ताईंनी डोळे पुसले आणि माझा नियम बदलला. एक पडली तरी बाकीच्यांनी चालत राहायचं. शेवटच्या प्रकरणापुरती मावशीला सुट्टी दिली. तसे काका, आत्या, मामी निघाले, आणि गाडी यायच्या आत सगळं पुस्तक ऐकण्याजोगं झालं. मास्तरांना शेवटच्या पानात एक चूक सापडली. 'वारा पडला' ऐवजी ते 'वारा सुटला' म्हणाले होते. माईकसमोर बसून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यानंतर ते कधी बोलले नाहीत.

आता ताईंकडे नवे संगणक आहेत. माझ्यापेक्षा हुशार, झटपट प्रोग्राम आले. मला क्वचितच कुणी हाक मारतं. टेबलाखाली धूळ असते. पण नियम बदललेला मी तसाच आहे, आणि हाक आली तर आजही सगळ्यांना एकदम सोडीन.

मित्रांनो, एवढंच मागतो. घरातल्या कुणाचा आवाज तुमच्याकडे साठवलेला असेल, तर तो सुंदर करायच्या घाईत पुसून टाकू नका. त्यातला खोकला, थांबणं, खालच्या दुकानातली हातोडी, सगळं जपा.

अक्कांच्या खोलीत रोज दुपारी ते पुस्तक लागायचं. मास्तर शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःचंच वाचन ऐकायचे. पुढे ती खुर्ची रिकामी झाली, तरी वाचन चालू राहिलं.

मास्तर दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेले. अक्का त्यानंतरच्या मार्चमध्ये गेल्या.