माझ्या चाकाला तेल नको

मित्रांनो, तुम्ही आमच्या मळ्यात आला असता, तर दिसण्याआधी मी तुम्हांला ऐकू आले असते. मी एक जुनी, एकचाकी हातगाडी आहे. एका लोहाराने मोडक्या पिंपाच्या पत्र्यातून माझे पोट घडवले, दोन दांडे जोडले आणि जेवायची वेळ झाली म्हणून चाक घाईघाईत बसवले. त्या घाईतूनच मला कंठ फुटला. रिकामी असले की मी बारीक आवाजात 'कुईकुई' करते. भरलेली असले की 'कुर्र, कुर्र' अशी कण्हते.

उन्हाळ्याचा तोडा, म्हणजे भाजीची तोडणी, ही आमच्याकडे रोजची लढाई. आज राहून गेलेली काकडी उद्या दुधीशी स्पर्धा करू लागते, आणि टोमॅटो तर सगळे मिळून ठरवल्यासारखे एकाच दिवशी पिकतात. सकाळी बायका तोडा करतात, लंबू नावाचा गडी मला ढकलत माल शेडमध्ये आणतो आणि मालकीणबाई दोघींना हाताशी घेऊन मोठ्या टेबलावर तो निवडतात.

शेडच्या दाराशी मालकीणबाईंचे सासरे खुर्ची टाकून बसतात. त्यांना सारे आप्पा म्हणतात. हा मळा त्यांनीच उभा केला. पण आता त्यांना ऊन आणि सावली यांपलीकडे काही दिसत नाही. तरीही त्यांचे काम सुटले नव्हते. माझे कण्हणे दुरून कानी आले की ते गरजत, "भरलेली येतेय! टेबल मोकळं करा!" मी पोहोचेपर्यंत टेबल लख्ख झालेले असे.

लंबू एकदा आंब्याच्या सावलीत आडवा झाला आणि आप्पांना संशय येऊ नये म्हणून पायाने मला मागेपुढे ढकलत राहिला. शेडमधून आवाज आला, "लंबू, गाडी नुसती झुलतेय, पुढे येत नाहीये. पाय काढ तिच्यावरून!"

लंबू ताडकन उठला. "म्हाताऱ्याला दिसत नाही असं कोण म्हणतं?" तो पुटपुटला.

"तेही ऐकलं!" आप्पा म्हणाले.

असे आमचे सुरळीत चालले असताना आप्पांचे जावई चार दिवस राहायला आले. सासुरवाडीला काहीतरी उपयोगी पडावे, अशी त्यांना तळमळ होती. दुपारी सारे आडवे झाल्यावर त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची अख्खी बाटली माझ्या चाकात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी मी लोण्यातून सुरी जावी तशी निघाले. पहिल्याच खेपेला आप्पा गप्प राहिले, टेबल भरलेलेच राहिले आणि लंबूने माझ्यासकट आत धडक मारून सवयीने माल त्यावरच ओतला. टोमॅटो शेडभर घरंगळले. त्यातले दोन आप्पांच्या मांडीवर स्थिरावले.

आप्पांनी ते चाचपले. त्यांचा चेहरा पडला. त्यानंतर ते अंदाजाने ओरडू लागले. "भरलेली येतेय!" म्हणताच बायका धावपळ करून टेबल मोकळे करीत आणि दारातून एक कोंबडी आत येई. तिसऱ्यांदाही कोंबडीच आली, तेव्हा एकीला हसू आवरले नाही.

आप्पांनी सुनेला जवळ बोलावले. "सूनबाई, बारीक आवाज आधी जातात म्हणे. तुमचं बोलणं ऐकू येतं, पण गाडी ऐकू येत नाही. डोळे गेले, आता कानही निघाले. उद्यापासून मी घरातच बसतो. इथे एखादी घंटा टांग."

तेवढ्यात मालकीणबाईंच्या लक्षात आले, की सकाळपासून गाडी आपल्यालाही ऐकू आलेली नाही. त्या तडक माझ्यापाशी आल्या. चाकाला बोट लावले, बोटाकडे पाहिले आणि जावईबापूंना हाक मारली.

"पण मी तर चाक चांगलं केलं!" जावईबापू म्हणाले.

"तेच तर बिघडलंय. आता पुन्हा बिघडवून द्या, म्हणजे चांगलं होईल."

इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या सरसावून त्यांनी मला साबणाच्या गरम पाण्याने धुतले, चिंधीने पुसले, राखेने घासले. शेवटी मूठभर रेती घातली. लंबूने मला एका बाजूला जास्त माल भरून ढकलले. मी आधी खोकले, मग शिंकले आणि अखेर कण्हले!

आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "भरलेली येतेय!" मग ते थबकले. "थांबा. हिचा घसा बसलाय. काय केलंत हिला?"

जावईबापूंनी तेलकट हात पाठीमागे लपवले. पण आप्पांना दिसत नसले, तरी नाक शाबूत होते.

"तेल! आणि मी सकाळपासून माझ्या कानांना रडतोय!" ते एवढे हसले, की कोंबडी बाहेर पळाली. "जावईबापू, पुढच्या खेपेला तेल घालायचंच असेल, तर माझ्या गुडघ्यांना घाला. तेही कुरकुरतात, आणि त्यांचा कुणालाच उपयोग नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, पुसा, उन्हापावसातून आत घ्या. मात्र तेलाची बाटली उचलण्यापूर्वी एवढे जरूर विचारा, की हिच्या कुरकुरण्यावर कुणाचा दिवस चालतो का. आता मला निघायला हवे. काकड्या भरून झाल्या आहेत, आणि दाराशी कुणीतरी कान देऊन बसले आहे.