शेवंतीची दुखणी

कारखान्याच्या ऑफिसात अवनी मॅडमनी रजेची फाईल उघडली आणि शेवंतीची दुखणी एकेक करून वाचायला घेतली.

"मागच्या वर्षी मलेरिया. यंदा जूनमध्ये टायफॉइड, सात दिवस. ऑगस्टमध्ये कंबरेला मार, पाच दिवस. संपल्या बारा रजा."

शेवंती मान खाली घालून ऐकत होती. मलेरिया सासूला झाला होता. टायफॉइड यज्ञेशला, तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला. आणि कंबर परत सासूचीच, मोरीत घसरून. पण आजारपणाची रजा स्वतःच्या आजारालाच मिळते, म्हणून गावचे डॉक्टर बिचारे दर वेळी सर्टिफिकेटवर तिचंच नाव घालून देत. काजूच्या त्या कारखान्यातल्या निम्म्या बायकांची दुखणी अशीच उसनी होती. शेवंतीचं स्वतःचं म्हणाल, तर चौदा वर्षं काजू फोडतेय. टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघाली तरी खोबरेल चोपडून कामावर हजर.

आता मात्र दुखणं तिचं स्वतःचं होतं. गर्भाशयात गाठ. कुडाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला सोमवारची तारीख दिली होती, विश्रांती धरून दहा दिवस लागतील म्हणाले होते आणि महिन्याच्या वर थांबू नका, असं दोनदा बजावलं होतं.

"रजा शिल्लक नाही हो, शेवंतीताई," अवनी मॅडम म्हणाल्या. "आणि बिनरजेचे आठ दिवस झाले की नाव पटावरून जातं. साहेब आधीच विचारतात, बायकाच एवढ्या आजारी कशा पडतात? तुमच्या मिस्टरांचं बघा. अकरा वर्षं बॉयलरवर, एक दिवस आजारी नाहीत. सव्वीस जानेवारीला सत्कार आहे त्यांचा."

खरं सांगावं तर सर्टिफिकेटं खोटी ठरणार. नोकरी जाणारच, वर डॉक्टरही गोत्यात. न सांगावं तर समोर ही फाईल. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, पण त्यातल्या माणसाला मध्ये उभं राहायला निदान वीतभर जागा तरी असते.

"मॅडम, नवीन रजा कधी मिळणार?"

"एक एप्रिलला. पुढच्या वर्षाच्या बारा."

तिने पदराआड बोटं मोजली. गणपती नुकते गेले होते. सात महिने.

जेवणाच्या सुट्टीत ती बॉयलरकडे गेली. तिचा नवरा, लवू, भिंतीला टेकून डबा खात होता.

"गावली रजा?"

"संपली म्हणतत. तशीच घराक ऱ्हवलंय तर नाव काढतले."

लवूने हातातला घास खाली ठेवला. त्याला खरोखरच वाईट वाटलं. माणूस तसा वाईट नव्हता.

"माजी रजा तशीच पडान आसा गो. तुका चलली असती तर सगळी घे म्हटलंय असतंय."

"तुमची माका नकोच होती," शेवंती म्हणाली. "झिलाक टायफॉइड झालो, तेवा चार दिस तुमी घराक ऱ्हवला असतास, तर माजी माका उरली असती."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली. आवाज चढला नव्हता. लवूने डब्याचं झाकण लावलं. त्याच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. घरात कोणी पडलं की शेवंती असायची, आणि तो कामावर यायचा.

त्याने विचारलं, "मगे आता काय करतलंस?"

"सोमवारचा नको म्हणान कळवतंय. नवी रजा येतली तेवा काढतंय गाठ. एप्रिलात."

"एप्रिलात तर आयेचो मोतीबिंदू काढूचो आसा," लवू म्हणाला.