मक्याचं लगीन

आमच्या कोळीवाड्यात झाड लावणारा माणूस एक तर नवा असतो, नाही तर खुळा. उरणच्या या टोकाला जमीन कसली, मीठच ते. अंगणात फावडं मारलं की खाली पांढरं लागतं. तुळससुद्धा डब्यात लावायची, आणि दर्यावरचा वारा सुटला की तीही मान टाकते. माझा धाकटा दीर जयदेव नवा नव्हता आणि खुळाही नव्हता, तरी त्यानं दारात मका लावला. रॉकेलच्या तीन डब्यांत.

बी त्यानं मुंबईच्या गोदीतून आणलं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तो गोदीत हमालीला जायचा. तिथं अमेरिकेहून गहू घेऊन आलेल्या बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, रत्नागिरीकडचा निघाला. गावाकडची भाषा ऐकून खूश झाला आणि यानं मागितलं नसताना मूठभर मका याच्या खिशात घातला. जयदेवनं घरी पुडी सोडली तेव्हा मला हसू आवरेना. दाणे सगळे सुरकुतलेले, गाल बसलेले.

"किडकं बी गळ्यात मारलं रे तुझ्या," मी म्हटलं.

"गोड मका हाय वयनी. याचं बी असंच म्हाताऱ्यावानी दिसतं."

डब्यांच्या तळाला त्यानं खिळ्यानं भोकं पाडली. डोंगराखालची लाल माती पाटीतून वाहून आणली, तिच्यात वाळल्या सुकटीचा चुरा मिसळला. पाणी मात्र विहिरीचं गोडं लागायचं, आणि ते आणायचं काम त्याच्या बायकोवर, येसूवर पडलं. माझी सासू पुतळाबाई रोज करवादायची, "मानसांना प्यायला पानी नाय आनि मक्याला दोन कळश्या!" येसू ऐकून घ्यायची आणि तिसरी कळशी आणायला जायची.

पहिल्या वर्षी कणसं धरली, पण सोलून बघतो तर बोळकी. इथं चार दाणे, तिथं दोन, मधे सगळं बोडकं. जयदेव हिरमुसला, पण गप्प बसला नाही. पुढल्या पावसाळ्यात त्यानं गोदीत त्या भंडाऱ्याला गाठून सगळं विचारून घेतलं. शेतात मका दाट असतो, तिथं वारा काम करतो. डब्यातल्या तीन झाडांना माणसाचा हात लागतो. कणसाच्या टोकाला केस लोंबतात ना, त्यातला एकेक केस आतल्या एकेका दाण्याला जाऊन भिडलेला असतो. वरच्या तुऱ्यातली पिवळी भुकटी त्या केसावर पडली तर तो दाणा भरतो, नाही तर जागा रिकामी राहते. भुकटी मिळाली की केस तपकिरी होऊन सुकतात. नाही मिळाली तर वाट बघत वाढत राहतात.

जयदेव याला मक्याचं लगीन म्हणायचा. सकाळी दव वाळलं की तुरा हलवून अक्षता टाकल्यासारखी भुकटी केसांवर झाडायचा. वर आमच्या लग्नात गाणाऱ्या धवलारणीसारखा आवाज काढून धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणायचा, येसूकडे बघत. येसू पदर तोंडात कोंबून आत पळायची. त्या वर्षी कणसं टोकापर्यंत भरली. इतकी गोड की सासूनं दोन खाल्ली आणि वर म्हणाली, "बरी हायत."

सत्तावन्न साली नारळी पौर्णिमा आली तेव्हा तुरे अजून बाहेर पडायचे होते. दुसऱ्या दिवशी देवजी नाखव्याच्या मचव्यावर जाताना जयदेव डब्यांपाशी थांबला.

"कोनी हात लावू नका. मी येतू, मीच लगीन लावतू."

"आनि तुमी नाय आलात तर?" येसूनं विचारलं. चेष्टेतच विचारलं.

"येतूच," तो म्हणाला आणि गेला.

मचवा आला नाही. वादळ झालं असं कोणी सांगितलं नाही, दुसऱ्या होड्या भरून परतल्या. काही दिवसांनी रेवदंड्याकडच्या कोळ्यांना एक रंगवलेली फळी सापडली. ती देवजीच्याच मचव्याची होती. त्यावर पाच माणसं गेली होती.

दर्यानं माणूस परत दिला नाही तर आमच्यात गवताचा पुतळा करतात. माणसाच्या उंचीचा, नारळाचं डोकं लावलेला. त्याला अग्नी दिला की माणूस मेला. बायकोच्या बांगड्या तेव्हा फुटतात, त्याआधी नाही. बाकीच्या चार घरांनी पुतळे जाळले. आमचा राहिला. माझा नवरा धर्मा, जयदेवचा थोरला भाऊ, म्हणाला, "सर्वपित्री अमावास्येच्या आत झालंच पायजे. नाय तर त्याला घास कसा पोचायचा? असाच पान्यावर भटकत राहील."

"मी जित्ती असताना माझ्या लेकाला कोन जाळतो बघतेच," सासू म्हणाली.

येसू एवढंच म्हणाली, "मका तयार होऊ दे. कणीस काय ते सांगंल." घरानं आणि वाडीनं याचा एकच अर्थ घेतला. कणसं भरली तर जयदेव जिवंत. मीही तोच घेतला.

त्याच दिवशी येसूनं एक डबा उचलून मागच्या पडवीत नेला. तिथं जयदेवची जाळी टांगलेली असायची आणि समोर खाडी. मी विचारलं, हे कशाला?

"पुढच्या दोघांना कोनी पन हात लावंल. पोरं हायत, कोंबड्या हायत. हा माझा." मग ती जवळ आली. "गोजराबाय, कोनाला सांगू नका. मला कणीस रिकामं पायजे."

"रिकामं? अगं, उलटं बोलतेस."

"जित्ता मानूस लांब असला तर येवन मक्याचं लगीन कसं लावंल? नाय लावनार. मेलेला येतो. ज्याचं काम राह्यलं तो येतोच. कणीस भरलं म्हंजे ते येवन गेले. रिकामं राह्यलं म्हंजे ते लांब हायत, कुटं तरी हायत."

अशा गोष्टी आमच्या वाडीत ढिगानं आहेत. अमका बुडाला आणि त्याचं अर्धवट विणलेलं जाळं सकाळी पुरं झालेलं सापडलं, वगैरे. सांगणारे बहुतेक ताडीच्या दुकानातून आलेले असतात. मी येसूला तसं सुनावलं. ती हसली नाही.

पुढे एका सकाळी आम्ही दोघी सुकट घेऊन उरणच्या बाजारात निघालो. मी मापटं विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून एकटीच परतले. दारात बघते तर सासू पुढच्या डब्यांवर वाकलेली. तुऱ्याखाली पदर धरून हळूहळू टिचक्या मारत होती आणि पदरातली भुकटी केसांवर झाडत होती. तोंडानं धवला म्हणत होती, जयदेव म्हणायचा तोच. मला बघून तिनं पदर झटकला, पण बोटं पिवळी होती.

"येसूला सांगू नको गो," ती म्हणाली. "पोरगी जेवत नाय. कणीस भरलं का तिला धीर येल."

मला तिचा राग आला आणि कीवही आली. येसूनं सांगू नको म्हटलेलं मी तिथंच सांगून टाकलं. रिकामं म्हणजे जिवंत, भरलं म्हणजे मेला. सासू पिवळी बोटं पदराला पुसायला लागली.

"म्हंजे मी माझ्याच हातानं त्याला..."

"तुमी मक्याला हात लावलाय आई. लेकाला नाय."

मागच्या डब्याला हात लावला नाही ना, हे मी तिच्याकडून शपथेवर वदवून घेतलं. संध्याकाळी धर्माच्या देखत तिनं स्वतःच येसूपुढे सगळं कबूल केलं. येसू रागावली नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली आणि उठून पडवीत गेली. मागच्या झाडाचा तुरा नुकता बाहेर पडला होता, फुलला नव्हता. तिनं तो देठापासून मोडला आणि खाडीत फेकला. ओहोटी होती, तो बघता बघता लांब गेला.

"हा काय कौल झाला?" मी म्हटलं. "तू तर देवाचा हातच बांधलास."

"बांधला तर बांधला. मला माझा नवरा जित्ता पायजे."

मी आत जाऊन चूल पेटवली.

मग मागच्या कणसाला केस फुटले. पुढच्या डब्यांतले केव्हाच सुकून काळपट झाले होते, त्यांचे तुरेही वाळून गेले होते. हे मात्र वाढतच राहिले, पांढुरके हिरवे, मऊ, वीतभर लांब. येसू रात्री डब्याशेजारीच निजायची, एक हात डब्यावर ठेवून. सकाळी मला हाक मारायची, "गोजराबाय, बघा." मी जायची, बघायची. ती जेवायला लागली. सासू रात्री जयदेवच्या वाट्याचा भात झाकून ठेवू लागली. धर्मानं गवताचं नाव काढणं सोडलं. मी जयदेवचा फाटका सदरा शिवायला घेतला. भूतखेत मला मान्य नव्हतं, पण रिकामं कणीस मान्य होतं. माणूस आपल्या सोयीचं तेवढं खरं धरतो.

फक्त एक गोष्ट मला खुपत होती. पडवीतली जाळी. महिनाभर ती दर्यात गेली नव्हती, तरी सकाळी ओली लागायची. एकदा तर खाली जमिनीवर थेंब पडलेले. दव असेल म्हणून मी बोट ओलं करून जिभेला लावलं. खारट होतं. खाडीवरून आलेला वारा असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून पडवी झाडायला उशिरा जाऊ लागले.

एका सकाळी येसूची हाक आली नाही.

मी गेले. ती डब्यापाशी बसली होती. केस सगळे तपकिरी होऊन एकमेकांना चिकटले होते, पुढच्या डब्यांतले सुकले होते तसेच. डब्याच्या काठावर पिवळी भुकटी होती. मी बोट फिरवलं, बोटाला लागली.

"काल सांजेला हिरवे होते," येसू म्हणाली.

"वाऱ्यानं आली असंल. छपरावरून."

"कुटून? पुढचे तुरे तर वाळले."

घरात सासूनं तो झाकलेला भात कावळ्यांना घातला, कोणी सांगितलं नाही तरी. त्या दिवसापासून जाळी कोरडी राहिली. रोज सकाळी मी हात लावून बघायची. ती ओली लागावी असं मला वाटायला लागलं होतं, आणि त्या वाटण्याची मला भीती वाटायची.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी येसूनं आम्हा सगळ्यांना पडवीत बोलावलं. सासूच्या हातची कणसं आधीच सोलून झाली होती. म्हातारीचा हात कापरा, त्यामुळे दाणे धरले होते, पण जागोजाग बोडकी जागा होती. येसूनं मागचं कणीस मोडलं आणि मांडीवर घेऊन सोलायला लागली. ती घाई करत नव्हती. बाहेरची पात, मग आतली, मग त्याच्या आतली पिवळसर. आम्ही तिघं तिच्याभोवती उभे. धर्मा पुटपुटत होता, त्याला वाटत होतं कोणाला ऐकू येत नाही. "रिकामं असू दे. रिकामं असू दे."

कणीस भरलं होतं. बुडापासून टोकापर्यंत, ओळीनं, एक दाणा कमी नाही. जयदेवच्या हातचं असायचं तसं.

"वारा," धर्मा म्हणाला. आजही कोणी विचारलं तर मी तेच सांगते, वाऱ्यानं झालं. शेजारच्या एखाद्या गावात उशिरा पेरलेला मका असेल, त्याची भुकटी आली असेल. वारा चार दाणे भरतो, फार तर अर्धं कणीस भरतो, हे मला जयदेवनंच शिकवलं होतं.

येसूनं कणीस खाली ठेवलं. ती रडली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून धर्माला म्हणाली, "दादा, गवत आना. पुतळा त्यांच्या उंचीचा करा. तुमच्याहून चार बोटं उंच होते ते."

सासूनं हंबरडा फोडला. धर्मा तिला धरून आत घेऊन गेला. मी येसूपाशी खाली बसले. तिचे हात माझ्या हातांत घेतले, हिरव्या बांगड्या अजून होत्या. मला वाटलं आता ती मोकळी होईल, रडेल. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर दुःख नव्हतं, कोणी आपला अपमान करावा तसं काहीतरी होतं.

"मी हितंच निजलेली गोजराबाय. डब्याला हात लावून."

"हो गो."

"ते आले. जाळ्यांपाशी उभे राह्यले. एकेका केसाला भुकटी लावायची म्हंजे किती वेळ लागतो, तुमाला ठाव हाय. एवढा वेळ ते माझ्या उशाशी होते." तिचा आवाज बारीक झाला. "मग मला का नाय उठवलं त्यांनी?"

वाडीत माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. त्या दिवशी मी तिचे हात धरून बसून राहिले. धर्मा गवत घेऊन आला तरी सोडले नाहीत.