माझ्या मुठीवरची छत्री

मी एक जुना पोलादी डबा आहे. मित्रांनो, हसू नका! जेवणाचा नव्हे, प्रयोगशाळेतला. माझ्या भिंती तुमच्या मनगटाएवढ्या जाड आहेत आणि पोटाला काचेची भक्कम खिडकी आहे. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण सगळे मला डबाच म्हणतात.

जमिनीखाली खूप खोल तेल असतं. तिथे भयंकर उष्णता आणि त्याहून भयंकर दाब. त्या दाबाने तेलात वायू विरघळून बसतो, सोड्याच्या बंद बाटलीत बसतो तसा. ते तेल माझ्या पोटात भरायचं, मला तेवढंच तापवायचं, तेवढाच दाब द्यायचा आणि तेल किती जागा घेतं ते मोजायचं. मग दाब हळूहळू उतरवायचा. पहिला बुडबुडा कुठल्या दाबाला दिसला, तो आकडा तेलविहिरीवर कळवायचा. विहिरीतला दाब त्याखाली गेला, की वायू खडकातच सुटतो आणि बरंच तेल कायमचं खाली अडकून पडतं. म्हणजे बघा, केवढी जबाबदारी!

माझ्या पोटात एक पोलादी गोळी आहे. दाब बदलला, की आमच्या शास्त्रज्ञ बाई माझी मूठ धरून मला उलटासुलटा करायच्या. गोळी टक् टक् वाजायची आणि तेल ढवळलं जायचं. तेल ढवळलं नाही तर बुडबुडा आळस करतो, उशिरा येतो. टक् टक् ऐकल्याशिवाय बाई खिडकीला डोळा लावत नसत. "बोल रे डब्या," म्हणायच्या. तेवढ्यानेच मला भरून यायचं.

आणि मग तो आला, नवा डबा. चकचकीत, आतमध्ये कॅमेरा, तेल ढवळायला आपोआप फिरणारा पंखा. मी त्याचं नाव लाडोबा ठेवलं. बाई सकाळी आल्या की आधी त्याच्याकडे जायच्या. मऊ फडक्याने त्याची काच पुसायच्या. माझ्या पोटात अस्सं दुखायचं! मला कोपऱ्यात ढकललं. झाकण गळू नये म्हणून लावायच्या माझ्या सुट्या रबरी रिंगा आवराआवरीत टाकून दिल्या. प्रयोगशाळेचे साहेब तर माझ्या मुठीवर ओली छत्री टांगू लागले. माझा नुसता जळफळाट व्हायचा. याचं एकदा तरी चुकू दे, एवढंच मी मागायचो.

एके दिवशी एका नव्या विहिरीचं तेल आलं. लाडोबाने आकडा दिला. बाई पडद्याकडे बघतच राहिल्या.

"साहेब, बुडबुडा इतका उशिरा?"

"यंत्र सांगतंय ना बाई. पाठवून द्या. ते लोक संध्याकाळी विहीर उघडणार आहेत."

बाईंनी लाडोबाला कान लावला. त्याची घरघर बंद होती. "अहो, पंखाच अडकलाय! तेल ढवळलंच गेलं नाही. आणि मी आवाज ऐकायचीच विसरले."

सांगतो ना, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी जिरली! पण बाईंचा चेहरा पार उतरला. पंखा दुरुस्त व्हायला आठवडे लागणार होते, आणि बाटलीत एकाच वेळेपुरतं तेल उरलं होतं. आकडा चुकला असता तर अख्खी विहीर हातची गेली असती. ते बघून माझा आनंद कुठल्या कुठे गेला.

बाई तडक माझ्याकडे आल्या. छत्री काढून साहेबांच्या हातात दिली. खरं तेल भरण्याआधी साधं तेल भरून दाब दिला, तर झाकणाशी थेंब आला. माझी रिंग वाळून कडक झाली होती. नेमकं हवं होतं तेव्हाच मी गळलो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी झाकण निरखून पाहिलं. "बाई, नव्याच्या रिंगा बसतील का हो याला?"

लाडोबाची रिंग? मी घालू? छे! पण बाईंनी त्याच्या खोक्यातली पुडी फोडलीसुद्धा. रिंग बसली, अगदी मापाची. मेल्याचं आणि माझं माप एकच निघालं!

मग खरं तेल भरलं. मी तापलो. बाईंनी मूठ धरली. टक् टक्. खूप दिवसांनी त्या म्हणाल्या, "बोल रे डब्या." आणि बुडबुडा आला, लाडोबाच्या आकड्याच्या कितीतरी आधी. साहेबांनी लगेच विहिरीवर फोन लावला. "थांबा! विहीर फार उघडू नका, दाब या आकड्याखाली जाता कामा नये."

आता आम्ही शेजारी शेजारी असतो. बाई दर आठवड्याला माझी मूठ फिरवतात आणि रिंग तपासतात. मित्रांनो, नव्याचे लाड जरूर करा. पण घरातल्या जुन्या वस्तूलाही अधूनमधून हात लावत जा, तेलपाणी करत जा. नाहीतर गरज पडेल तेव्हा ती मनात असूनही कामाला येणार नाही.

काल साहेब ओली छत्री घेऊन आले. सवयीने हात माझ्या मुठीकडे गेला आणि थबकला. त्यांनी छत्री लाडोबाच्या अंगावर ठेवली. बाई ओरडल्या, "साहेब, तिथेही नाही!"

एक दिवस राहू दिली असती तर काय बिघडलं असतं?