पलीकडच्या खोलीतले काका

"नवी सून घरात घेतानासुद्धा कोणी एवढं तपासत नाही," शेजारच्या खुर्चीतला चष्मिस पुटपुटला.

"सून रुसली तर समजूत काढता येते," ताई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "हे मशीन रुसलं तर दुसऱ्या गावाला पळावं लागेल. तू जातोस?"

हे मशीन म्हणजे दुसऱ्या गावातला एक सर्व्हर. त्यावर एका डायलिसिस केंद्राचं सगळं काम चालायचं. त्याची सिस्टिम प्रोग्रामच्या मूळ सोर्स कोडपासून बांधून नवी करायची होती. बांधणी सकाळीच सुरळीत पार पडली. आता नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चालतो का ते बघायचं. तो चाचणीपुरता एकदाच चालू होईल, असं ताईने लावून ठेवलं. जुना तसाच जागेवर होता. नवा अडकलाच, तर कोणीतरी तिथे जाऊन मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की जुना परत येणार.

"कोणीतरी म्हणजे कोण?" हे ती साहेबांना आठवडाभर विचारत होती.

"होईल गं काहीतरी," साहेब आजही म्हणाले. "उरक आता."

तिने दात आवळून रीबूटचा, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, हुकूम दिला. मशीन गेलं, आणि परत आलंच नाही.

लगेच केंद्रातून फोन. "अहो, पेशंट येऊन बसलेत! कोणाचं काय, सगळं तुमच्या मशीनमध्ये आहे!"

"काकांना फोन लाव," साहेब घाईघाईने म्हणाले.

ताईने चडफडत नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. काका त्या मशीनच्या खोलीची राखण करायचे. उन्हाळ्यात साहेबांनी त्यांना 'सध्या घरी आराम करा, बोलावतो' म्हटलं आणि पगार थांबवला. खोलीची एकुलती चावी मात्र त्यांच्याकडेच राहिली. मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

"बोल गं पोरी!" काका फोनवर हसले. "आठवण झाली म्हणजे मशीन अडकलं असणार."

"हो काका. बंद करून चालू करायचंय."

"हा निघालोच. पण आधी एक सांग. मला परत कधी बोलावताय? घरात सगळ्यांना सांगतो, रजेवर आहे. आता लेक रोज विचारते, ही कसली रजा?"

चष्मिस टेबलाखाली वाकून कुठलीशी वायर शोधू लागला. साहेबांनी फोनवर तळहात दाबला.

"पुढच्या महिन्यात बघू म्हण. आधी मशीन चालू होऊ दे."

"म्हणजे बटण दाबून घ्यायचं आणि मग सांगायचं?" ताईचा आवाज चढला. "लाज वाटते का काही?"

"अगं, पण चिडून ते गेलेच नाहीत तर?"

"तर नाही जाणार!"

तिने साहेबांचा हात झटकला.

"काका, तुम्ही रजेवर नाही. तुम्हाला कामावरून काढलंय."