बोरफाट्यावरची अदलाबदल

सावरखेड्याच्या शाळेत शिक्षक दोनच. एक मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका दिपमाला बाई, आणि दुसरा प्रशील सर. प्रशील धुळ्याच्या देवपूरचा. रोज मोटरसायकलवर यायचा, हेल्मेट काढायच्या आधी मोबाइल काढायचा.

कारण शाळेचा ग्रुप त्याच्या ताब्यात होता. ‘आपली शाळा सावरखेडे’. काहीही घडलं की प्रशीलनं ग्रुपवर टाकलंच. झाडं लावली, टाक. बालआनंद मेळाव्यात पोरांनी पाणीपुरी विकली, टाक. दुसरीतल्या एकाचा दात पडला, तर दात तळहातावर ठेवून त्याचाही फोटो. गावातले बघायचे, कामाला सुरतला गेलेले बघायचे, लग्न होऊन बाहेर गेलेल्या पोरीही बघायच्या. सगळे हात जोडायचे, फुलं टाकायचे. कोणी काही बोलायचं नाही. तसा तो ग्रुपच नव्हता.

आणि मग प्रशीलनं सहल काढली.

बाईंना सहल नको होती. "लेकरं म्हणजे काय वांगी आहेत का, पोत्यात भरली आणि नेली?"

"बाई, पाटणादेवी तर आहे. चाळीसगावच्या पुढं. संध्याकाळी घरी."

"आणि एखादं राहिलं तर?"

"राहत नाही. मी जोडी पद्धत काढलीय."

जोडी पद्धत म्हणजे अशी. प्रत्येक पोराला एक जोडीदार. गाडीत चढलं की सर ओरडणार, "जोडी?" मग दोघांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा. ज्याचा हात एकटा, त्याचा जोडीदार गायब. प्रशीलला ही युक्ती इतकी आवडली होती की सहलीच्या आधीच त्यानं तिचा व्हिडिओ टाकला होता.

शेवटी बाई म्हणाल्या, "ने. पण एक सांगते प्रशील. काही झालं ना, तर मी रिटायर होईपर्यंत या शाळेची सहल कुंपणाच्या बाहेर जाणार नाही. आणि पोरांना ते तू सांगायचं, मी नाही."

बाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून सोबत ताईबाई आली. ताईबाई शाळेत खिचडी शिजवते. गाडी लागते म्हणून ती निघाल्यापासून नाकाला लिंबू लावून बसली होती.

शनिवार होता. सहल मस्त झाली, खरंच मस्त झाली. धबधब्याला पाणी नव्हतं, पण माकडं होती आणि एका माकडानं ताईबाईच्या हातातली भाकर नेली. पोरांना दुसरं काही बघायची गरजच उरली नाही. प्रशीलनं देवळाचा फोटो टाकला, माकडाचा टाकला, ताईबाईचाही टाकला. ग्रुपवर आयुष्यात पहिल्यांदा हसू आलं.

येताना गाडी बोरफाट्यावर थांबली. ड्रायव्हर गिरधर नानाला चहा पाहिजे होता. प्रशीलनं टाकलं, "आता आम्ही बोरफाट्यावर चहापाण्याला थांबलो आहोत. मुले मजेत."

इथंच चुकलं.

सावरखेड्याच्या सुना कुठल्या? निम्म्या बोरफाट्याकडच्या. आयांनी तो मेसेज वाचला आणि लगेच माहेरी पुढं पाठवला. दादा, तुझा भाचा फाट्यावर आहे. अक्का, पोरगी उतरलीय बघ. आणि भाचा दारावरून उपाशी गेला तर मामाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

चहा उकळायच्या आत मामा यायला लागले. मोटरसायकलवर मामा, ट्रॅक्टरवर मामा, एक तर बैलगाडी घेऊन आला. कोणी पेरू आणले, कोणी ऊस, कोणी शेव-मुरमुऱ्याची पिशवी. ज्यांना तिथं मामा नव्हता ती पोरं दुसऱ्याच्या मामाच्या पाया पडून पेरू घेत होती. प्रशीलला वाटलं, असा व्हिडिओ जिल्ह्यात कोणाकडे नसेल. तो उलटा चालत चालत शूटिंग करत होता.

तेवढ्यात गिरधर नाना त्याच्याजवळ आला. "सर, तो प्रेमराज म्हणतोय, भाचीला ठेवून घेतो आणि..."

"हो हो नाना, बघतो," प्रशील म्हणाला. डोळा मोबाइलमध्ये. त्याच वेळी बैलगाडीवाला मामा भाच्याला खांद्यावर घेऊन नाचत होता.

अंधार पडायला लागला. सगळे चढले. "जोडी?" भराभर हात वर झाले, दोन-दोनचे. एकही हात एकटा नाही. प्रशीलनं बसता बसता टाकलं, "परतीचा प्रवास सुरू. सर्व मुले सुखरूप." सगळ्यात आधी हात जोडले ते सपनाताईनं. सहावीतल्या मेघाची आई.

गाडी चांगली लांब आली. पोरं गाणी म्हणून दमली. प्रशीलला वाटलं, शेवटी एक छोटी मुलाखत घेऊ. त्यानं मोबाइलचा उजेड लावला आणि खिडकीजवळ गेला. प्रज्ञा आणि मेघाची जोडी होती तिथं. प्रज्ञा लगेच सरळ बसली. मेघानं ओढणीत तोंड लपवलं.

"लाजतेस काय मेघा? सांग, सहल कशी वाटली?"

ओढणी खाली झाली. गणवेश तोच, सगळ्या सरकारी शाळांचा, निळा. रिबिनी त्याच, लाल. चेहरा दुसरा.

"तू कोण?"

"सारिका."

"कोण सारिका?"

"बोरफाट्याची."

प्रशीलनं उजेड आणखी जवळ नेला. मागून ताईबाई उठली, लिंबासकट. "सर, हाई पोर आपली नही शे!"

"ते दिसतंय मला, ताईबाई."

प्रज्ञानं कबूल केलं. सारिका म्हणजे मेघाच्या मामाची, प्रेमराजची पोरगी. तिला आत्याकडे यायचं होतं आणि मेघाला मामाकडे राहायचं होतं. मामाच म्हणाला होता, अदलाबदल करू, रविवारी परत करू.

"आणि तू तिच्यासोबत हात वर केलास?"

"सर, तुम्ही जोडी म्हणालात," प्रज्ञा रडवेली होऊन म्हणाली. "आमची जोडी होती."

प्रशीलनं सारिकाकडे बघितलं. "मग मेघा तुझ्या घरी आहे ना? मामानं नेली ना?"

सारिका ओठ चावत होती. "माहीत नाही. बाबा तिला घेऊन जाणार होते. पण शेतातून फोन आला, लाईट आली म्हणून. मग ते मोटर चालू करायला गेले. मेघाला म्हणाले, रसवंतीवर बस, आलो."

"आणि आले?"

"आमची गाडी निघाली तेव्हा नव्हते आले."

म्हणजे अंधारात, हायवेच्या फाट्यावर, ट्रक थांबतात तिथं, सहावीतली पोरगी एकटी. प्रशीलनं प्रेमराजचा नंबर विचारून लावला. रिंग जात होती. उचलत नव्हता. परत लावला. परत तेच.

"नाना, गाडी वळवा!"

"मी तुम्हाला सांगितलं होतं सर," गिरधर नाना आरशात न बघताच म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात."

प्रशील हो म्हणालाच होता.

गाडी वळली. प्रशील दाराच्या पायरीवर उभा राहिला. हातात मोबाइल. ग्रुपवर त्याचंच वाक्य होतं, सर्व मुले सुखरूप, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. अंगठा तिथंच गेला. गुपचूप परत जायचं, पोरगी उचलायची, उशीर का झाला तर टायर पंक्चर. मोठ्या बाईंना कळणारसुद्धा नाही. पुढच्या वर्षी सहल परत.

पण ती तिथं नसली तर? गाडी पोहोचेपर्यंत फाट्यावर बघायला कोण आहे?

त्यानं डिलीट केलं नाही. त्याखालीच लिहिलं. तीन वेळा खोडावं लागलं.

"माझ्याकडून मोठी चूक झाली. सहावीतली मेघा बोरफाट्यावर मागे राहिली आहे. रसवंतीवर होती. आम्ही परत जातोय. फाट्याजवळ कोणाचं नातेवाईक असेल तर आत्ता जाऊन बघा. प्लीज."

पाठवलं. काहीच आलं नाही. ना फूल, ना हात. मग फोन वाजला. सपनाताई.

"सर, माझी पोरगी कुठंय?"

प्रशीलनं डोळे मिटले. "ताई, मला माहीत नाही."

पलीकडून श्वास ऐकू आला, आणि फोन कट झाला.

मग ग्रुप उघडला. म्हणजे धरणाचं दार उघडावं तसा. माझा मेहुणा निघाला. माझी बहीण चक्कीजवळ राहते, तिला पाठवलं. सुरतवरून कोणी लिहिलं, पेट्रोल पंपावर माझा मित्र आहे. मोठ्या बाईंनी फक्त लिहिलं, "वाचते आहे." ते दोन शब्द प्रशीलनं दोनदा वाचले. मग आलं, रसवंती बंद झालीय, तिथं कोणी नाही. मग आलं, बसस्टँडच्या शेडमध्ये पण नाही. मग प्रेमराजचाच आवाज, कोणाच्या तरी फोनवरून, धापा टाकत, "मी आलो तर पोरगी नव्हती, मला वाटलं गाडीत परत बसली, अरे देवा, बसली नाही का?"

गाडीत सारिका हुंदके देत होती आणि ताईबाई, गाडी लागत असून, तिला मांडीवर घेऊन बसली होती. प्रशील रस्त्याकडे बघत होता. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे.

मोबाइल थरथरला. एक फोटो. अनोळखी नंबर.

चुलीचा उजेड. पाटावर मेघा. दोन्ही गाल फुगलेले, ताटात भरीत, हातात भाकरीचा तुकडा. कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की जेवताना काय त्रास देताय.

प्रशीलनं फोटो मोठा केला. तिचा चेहरा बघितला. मग परत बघितला. मग खात्री करायला तो ताईबाईसमोर धरला.

"हाई आपली शे," ताईबाई म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

सारिकानं मान लांब करून बघितलं. डोळे पुसले. "ही तर शेवंताआजीकडे आहे. तिथं भरीत चांगलं असतं."

अख्खी गाडी हसली. गिरधर नानानं विनाकारण हॉर्न वाजवला.

शेवंताबाईचं घर फाट्यापासून जवळच, हायवेच्या आतल्या बाजूला. दारात निम्मं गाव जमलं होतं. प्रशील गाडी थांबायच्या आधीच उतरला, पळत आत गेला आणि मेघाला बघून ओरडायला तोंड उघडलं.

"मास्तर," चुलीजवळची म्हातारी म्हणाली, "आधी पानी प्या. मंग वरडा."

तो प्यायला. मग ओरडावंसं वाटेना.

शेवंताबाई मेघाची कोणी नव्हती. ना आजी, ना मावशी. फाट्यावर मीठ आणायला गेली होती. पोरगी एकटी दिसली म्हणून विचारलं, कोणत्या गावाची? पोरगी म्हणाली, सावरखेड्याची. झालं. शेवंताबाई सावरखेड्याची माहेरवाशीण. लग्न होऊन आली त्याला जन्म लोटला, भाऊ राहिले नाहीत, कोणी आणायला येत नाही. आणि आज माहेर स्वतःच फाट्यावर उभं.

"पण मावशी, कोणाला सांगायचं तरी," प्रशील म्हणाला.

"कोनले सांगू? मन्हा माहेरनी पोर शे. रस्तावर उभी ऱ्हाई का?" तिच्याकडे फोन नव्हता. फोटो शेजारच्या पोरीनं काढला होता, ग्रुपवरचा निरोप फिरत फिरत आईच्या जावेच्या भावाकडून तिला कळल्यावर.

मागून प्रेमराज आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल गायब. त्यानं भाचीला जवळ घेतलं, मग प्रशीलपुढे हात जोडले. "सर, मारा मला."

"मारलं असतं," प्रशील म्हणाला. "पण तुम्ही नानाला सांगितलं, नानानं मला सांगितलं. मीच ऐकलं नाही."

"मग आता सारिकाला नेता ना? माणसाला माणूस."

"नाही! ज्याची पोर त्याच्याकडे."

सारिकाला गाडीतून उतरवायला चार जण लागले. तिनं दांडी धरून ठेवली होती.

पण गाडी लगेच निघाली नाही. शेवंताबाई दारात आडवी उभी. "बठ्ठा पोरेसले उतारा. मन्हा माहेरनी गाडी उपाशी कशी जाई?"

प्रशील म्हणाला, सगळ्या पोरांना कुठं उतरवता, उशीर झालाय, आया वाट बघताहेत. तिनं ऐकलंच नाही. शेजारच्या घरांतून भाकरी यायला लागल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या, गरम. कोणी ठेचा आणला, कोणी ताक. पोरं अंगणात बसली. कोण कोणाचा भाचा हा हिशोब तिथं संपला. प्रशील उंबऱ्यावर बसून जेवला. दुपारपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं, हे पहिल्या घासाला कळलं. फोटो काढायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

निघताना जोडी-बिडी नाही. त्यानं एकेकाच्या तोंडावर उजेड मारून नाव घेतलं.

सावरखेड्यात शाळेच्या फाटकापाशी सगळं गाव उभं होतं. पुढे मोठ्या बाई, शाल गुंडाळून, दुखरे गुडघे घेऊन. सपनाताई गाडी थांबताच पुढे आली. मेघा उतरली. आईनं एक पाठीत घातली आणि तोच हात तिच्या मानेभोवती टाकून तिला इतकं दाबलं की पोरगी दिसेना.

प्रशील समोर जाऊन उभा राहिला. ऐकून घ्यायची तयारी करूनच.

"सर," सपनाताई नाक ओढत म्हणाली, "तुम्ही फोनवर माहीत नाही म्हणालात. तेव्हा असा राग आला होता." ती थांबली. "पण खोटं सांगितलं असतं तर मी दादाला शोधायला लावलंच नसतं."

प्रशीलनं मोबाइल खिशात टाकला.

"आणि सारिकाला का उतरवलं? ती येतेय म्हणून दादानं फाट्यावरूनच कळवलं होतं, मी तिच्यासाठी खीर केली होती ना!"

कोणीतरी फिसकन हसलं. सपनाताईनं डोळे पुसले. "पुढच्या वर्षी त्या रस्त्यानं नेऊ नका बाबा. त्या रस्त्यावर माझं माहेर आहे."

पुढच्या वर्षी. प्रशीलनं हळूच मोठ्या बाईंकडे बघितलं. बाई त्याच्याचकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"उद्या रविवार आहे," बाई म्हणाल्या. "तरी सकाळी घरी ये माझ्याकडे. तुला बोलायचं ते मी चार लोकांत बोलणार नाही." मग गावाकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "पुढच्या वर्षी शहाद्याकडे नेऊ. तिकडे सावरखेड्यानं अजून पोरगी दिलेली नाही."

"दिलीय बाई," मागून एक जण म्हणाला. "माझी बहीण आहे शहाद्याला. सांगून ठेवू का?"

मग जे हसू उठलं ते थांबेचना. प्रशील शाळेच्या ओट्यावर बसला. आणि शेवटी तोही हसायला लागला.