घोट

तिने पेला काठोकाठ भरला आणि नवऱ्यासमोर ठेवला. मग भाजी चिरण्याचं सोंग करत त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

एक घोट. दुसरा. तिसऱ्याला त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि पेला खाली ठेवला. अर्धं पाणी तसंच.

“संपवा ना,” ती हलकेच म्हणाली.

“घसा दुखतोय गं.”

आतल्या खोलीत लेक परीक्षेचा धडा घोकत होती. “पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. पाण्यावाचून कोणताही सजीव जगू शकत नाही.” पुन्हा तेच, पुन्हा तेच. इकडे आईच्या हातातली सुरी थांबली होती.

नवरा कामाला होता त्या सुतारकामाच्या कारखान्यात एक कुत्रा होता. भुशात लोळायचा म्हणून सगळे त्याला भुश्या म्हणत. तीन आठवड्यांमागे तो नवऱ्याच्या पोटरीला चावला. इंजेक्शनं वेळेवर घेतोय, असं नवरा सांगत आला होता. पण चार दिवसांपूर्वी त्याचा सदरा खुंटीला अडकवताना खिशात दवाखान्याचं कार्ड सापडलं. चौकटी पाच, शिक्के दोनच.

पिसाळलेल्या कुत्र्याचा तो रोग अंगात भिनला की माणसाला पाणी गिळता येत नाही, पेला बघूनच घसा आवळतो आणि मग कुणाचाच इलाज चालत नाही, हे तिने ऐकलेलं होतं. तिने कार्ड जागच्या जागी ठेवून दिलं. विचारायला जीभच रेटली नाही. तेव्हापासून ती फक्त पेले भरत होती.

तो कामावर गेला. शिलाई मशीनवर तिने एकच पडदा तीनदा उसवला आणि दुपारी सरळ कारखाना गाठला. दारातच म्हातारे मिस्त्री भेटले.

“बरं झालं आलात, वहिनी. ह्याला झालंय काय? रंधा टाकून सकाळपासून पिंपापाशी उभा आहे. नुसतं पाणी पितोय.”

“भुश्या कुठंय?”

“तुम्हाला बोलला नाही? मेला तो. चावल्यावर आठवडाभरातच.”

ती तशीच आत शिरली.

पिंपापाशी तो पाठमोरा उभा होता. त्याने पेला भरला, डोळे मिटले, एक घोट घेतला. गळ्यावर हात ठेवून थांबला. मग पुन्हा भरला. वळून तिला बघितलं, तेव्हा त्याचा सदरा छातीवर ओला झालेला दिसला.

“जातंय,” तो म्हणाला. “दुखतं, पण खाली जातंय.”

“दवाखान्यात का नाही गेलात?”

“आधी कामाच्या गडबडीत राहिलं. मग भुश्या गेला. मग वाटलं, गेलो तर म्हणतील, उशीर झाला. नाही गेलो तर कुणी म्हणणार नाही.”

तिने त्याचं मनगट धरलं. “चला.”

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून घसा बघितला. पंख्याखाली बसवलं, वाऱ्याने त्रास होतो का विचारलं. समोर अर्धा पेला पाणी प्यायला लावलं.

“घशाला साधी सूज आहे. त्या रोगाचं लक्षण मला आज दिसत नाही.” मग त्यांनी कार्ड बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. “पण दोन डोस पुरेसे नाहीत. राहिलेले आजपासून. आता एकही चुकवायचा नाही.”

“म्हणजे धोका टळला?” तिने विचारलं.

“टळला असं आज मी म्हणणार नाही. तारखा पाळा.”

नर्सने इंजेक्शन दिलं आणि पुढच्या तारखा लिहिल्या. त्याने कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

“ह्या तारखेला नाही जमणार. बाहेरगावी कपाटं बसवायची आहेत.”

“कपाटं?” ती म्हणाली. मग तिचा तोल सुटला. कपाटांचा उद्धार झाला, कारखान्याचा झाला, त्याच्या खोटं बोलण्याचा, अकलेचा, त्याच्या आईने केलेल्या लाडांचा झाला. बाकांवरचे रोगी माना वळवून बघू लागले. नर्स कापूस हातात घेऊन तशीच उभी. तो खाली मान घालून ऐकत होता, बाही अजून वरच.

तिचा दम संपला. त्याने डोळे पुसले.

“थांबू नकोस गं, बोल,” तो म्हणाला. “चार दिवस तू इतकी गोड वागत होतीस, की मी मेलोच असं धरून चाललो होतो.”